शीग

माळ्यावर दोन शेर सापडलेत, असं मी फोनवर सांगितलं तेव्हा पुण्यात वाढलेला माझा भाचा आधी दचकला आणि मग हसत सुटला. धान्य मोजायचे शेर रे बाबा. पितळेचे, काठाला जाड पट्टी, पोटावर झिजून पुसट झालेला ठप्पा. माझ्या आजोबांच्या दुकानातले.

नगर जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावी आजोबांचं भुसार मालाचं दुकान होतं. सुगीत शेतकऱ्यांकडून ज्वारी-बाजरी घ्यायची, पावसाळ्यात तीच विकायची, अडीनडीला कुणाला वाढीदिढीने द्यायची. आजोबा गेले तेव्हा मी सात वर्षांची होते, त्यामुळे दुकान आठवतं ते वासानेच, गोणपाटाच्या आणि करडईच्या तेलाच्या. मापाडी मात्र चांगला आठवतो. राशीपाशी उकिडवा बसायचा आणि मोजायला लागला की 'एक' म्हणायचा नाही, 'लाभ' म्हणायचा. लाभ, दोन, तीन, चार. प्रत्येक मापावर धान्याचा उभा शंकू राहायचा आणि त्याच्या टोकावरून चार दाणे घरंगळले की थांबायचं. तीच शीग. 'उत्सुकता शिगेला पोहोचली' असं वर्तमानपत्रात वाचते तेव्हा मला अजूनही तो ज्वारीचा शंकू दिसतो.

तर दिवाळीच्या साफसफाईत ते दोन शेर खाली आले. मी ते चिंचेने घासले आणि सहज, खरंच सहज, स्वयंपाकघरातल्या मिलिलिटरच्या रेघा असलेल्या प्लॅस्टिकच्या मापाने त्यांत पाणी भरून पाहिलं. बाहेरून दोन्ही जुळे भाऊ. पण एकात दुसऱ्यापेक्षा चाळीस मिली पाणी जास्त मावलं. पुन्हा भरलं, पुन्हा तेच. मग लहान शेर उलटा केला, तर बुडाला मधोमध आत गेलेला पोचा.

शेर म्हणजे ढोबळमानाने लिटरभर धरा. शंभर शेरांमागे चार शेर.

आईला दाखवलं. तिने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "मामंजींच्या हातून पडला असेल कधी." मग पुसायला घेतलेला डबा पुन्हा पुसायला लागली.

घ्यायचं माप वेगळं आणि द्यायचं वेगळं, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण ते गावातल्या इतर दुकानदारांबद्दल.

त्याच्या आदल्या वर्षी मी पॅरिसला गेले होते. मुलगी तिथे शिकायला होती. आयफेल टॉवर वगैरे उरकल्यावर तिने मला लक्झेंबर्ग बागेसमोरच्या व्होजिरार रस्त्यावर नेलं. ३६ नंबरच्या इमारतीच्या कमानींखाली, भिंतीत, कमरेच्या वर संगमरवराची एक आडवी पट्टी बसवलेली आहे आणि त्यावर 'मेत्र', म्हणजे मीटर, असं कोरलंय. बस. समोर सिनेट, बाजूने माणसं आपापल्या घाईत. कुणी मान वळवत नव्हतं. मी माझी ओढणी त्या पट्टीला लावून पाहिली. (अडीच मीटर सांगून विकलेली ती ओढणी सव्वादोनच भरली, पण तो विषय वेगळा.) क्रांतीच्या काळात, १७९६-९७ च्या सुमारास, शहरात अशा सोळा पट्ट्या बसवल्या होत्या. नवं माप केवढं ते लोकांना कळावं, दुकानदार फसवतोय असं वाटलं तर जाऊन ताडून पाहता यावं म्हणून. मूळ जागी उरलेली ही एकच.

तेव्हा मी फोटो काढला आणि पुढे निघाले. दोन शेर उलटे करून पाहिल्यानंतर मात्र ती पट्टी डोक्यातून जाईना. फ्रेंच राज्यक्रांती म्हटलं की आपल्याला बॅस्टिल आठवतं, गिलोटिन आठवतं, शाळेत पाठ केलेली स्वातंत्र्य-समता-बंधुता आठवते. त्या क्रांतीला फुटपट्टी कशाला हवी होती?

१७८९ च्या वसंतात सोळाव्या लुईने इस्टेट्स-जनरल, म्हणजे राज्यातल्या तिन्ही वर्गांची सभा, बोलावली, तेव्हा गावोगावच्या लोकांना आपली गाऱ्हाणी लिहून पाठवायला सांगितलं होतं. तशा हजारो वह्या जमल्या. त्यांत मिठावरचा कर आहे, जमीनदारांच्या कबुतरांनी आणि सशांनी खाल्लेली पिकं आहेत, आणि पुन्हा पुन्हा, कंटाळा येईल इतक्या वेळा, मापं आहेत. एक राजा, एक कायदा, एक वजन, एक माप द्या. तत्त्वज्ञांची पुस्तकं न वाचलेली माणसं हे मागत होती.

कारण तिथे माप ही जमीनदाराची मालमत्ता होती. बुआसो हे धान्याचं माप. त्याचा नमुना गढीत असायचा, आणि कुणाचं माप खरं हे ठरवायचा हक्क गढीच्या धन्याचा. कुळाने वर्षाला अमुक बुआसो गहू घालायचा हा आकडा पिढ्यान्‌पिढ्यांच्या रिवाजाने ठरलेला. तो वाढवला तर गावात बोंब होणार. आकड्याला हात लावता येत नाही म्हटल्यावर हात कुठे लावायचा? मापाला. एकेका गढीचं माप पिढीमागून पिढी फुगत गेलं, अशी तक्रार त्या वह्यांमध्ये आहे. वीस बुआसो ते वीसच बुआसो, कागदावर काही बदललेलं नाही.

आणि माप फुगवायचीही गरज नसे. पसरट तोंडाचं माप केलं की शीग मोठी बसते. घेताना शीग लावून घ्यायचं, देताना काठावरून फळी फिरवून सपाट द्यायचं. घेताना पोतं खांद्यावरून ओतायला लावायचं, म्हणजे दाणा दणक्याने बसतो आणि जास्त मावतो. देताना मापाच्या काठाशी हात नेऊन हळूच सोडायचं. हे वाचताना मी थांबले. कारण हे मी पाहिलेलं होतं. आमच्या अंगणात, मापाडी कधी उभा राहून ओतायचा आणि कधी बसून, ते मला तेव्हा नुसतं गमतीचं वाटायचं.

आर्थर यंग नावाचा इंग्रज शेतीतज्ज्ञ क्रांतीच्या तोंडावर फ्रान्सभर फिरत होता. मापांच्या या गोंधळाने तो अगदी मेटाकुटीला आला. गावागणिक नाव तेच, माप वेगळं. त्याचा वैताग मला समजतो, पण तो बाहेरचा माणूस. आपल्याकडेही पायली कुठे केवढी आणि मणाला किती पायल्या, याची उत्तरं गाव बदललं की बदलायची, आणि गावातल्या कुणाचं त्यामुळे अडत नव्हतं. ज्याने माप घडवलं, ज्याने भरलं आणि ज्याने घेतलं ते तिघं एकमेकांना ओळखत होते. जमीनसुद्धा फ्रान्समध्ये 'दिवसां'नी मोजत. एक माणूस एका दिवसात नांगरेल तेवढी एक जमीन. उताराची, खडकाळ असेल तर तो 'दिवस' लहान, काळी सपाट असेल तर मोठा. मोजणीदाराला हा घोळ वाटतो, पण नांगरणाऱ्याला जे कळायला हवं ते त्यात बरोबर असतं.

मागणी काही नवी नव्हती. इंग्लंडात १२१५ च्या मॅग्ना कार्टाच्या पस्तिसाव्या कलमातच राज्यभर दारूचं एक माप, धान्याचं एक माप असावं असं लिहिलेलं आहे. लिहिलं म्हणून झालं असं नाही. फ्रान्समध्येही राजांनी अधूनमधून फर्मानं काढली. गढीवाल्यांनी ती ऐकून घेतली. ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री नॅशनल असेंब्लीत सरदार-उमरावांनी उठून आपले हक्क सोडल्याचं जाहीर केलं, तेव्हा कुठे गढीतल्या मापामागचा हक्कच निघून गेला. मग प्रश्न उरला, आता माप कुणाचं?

सोपं उत्तर होतं, पॅरिसचं. लांबीचं तिथलं माप, तुआज, घ्या आणि देशभर लावा. शेतकऱ्यांना बहुधा तेही चाललं असतं. पण विद्वानांना चाललं नाही. पॅरिसचं माप म्हणजे राजधानीचं माप, म्हणजे पुन्हा कुणातरी धन्याचंच. माप कुणाचंच नसावं, म्हणून ते पृथ्वीकडून घ्यायचं. मार्च १७९१ मध्ये ठरलं की उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर. कोंदोर्से या मंडळींतला. नागरिकाला आपला हिशेब आपल्याला करता आला पाहिजे, त्यासाठी कुणा जाणत्याच्या तोंडाकडे बघायला लागू नये, हा त्याचा ध्यास. मला हा माणूस आवडतो. पुढे क्रांतीच्याच कैदेत तो मेला.

आता ध्रुव ते विषुववृत्त कोण मोजणार? डंकर्कपासून बार्सिलोनापर्यंतचा तुकडा मोजायचा आणि आकाशातल्या ताऱ्यांवरून बाकीचा हिशेब करायचा, असं ठरलं. तयारीच्या काळात राजाने या मंडळींना भेटीला बोलावलं, तेव्हा त्याने खगोलशास्त्रज्ञ कासिनीला विचारलं, तुझ्या वाडवडिलांनी हेच मोजलं होतं ना, मग पुन्हा कशाला? प्रश्न अगदीच मूर्ख नव्हता. दुसऱ्या दिवशी रात्री, २० जून १७९१ ला, राजा वेष पालटून पॅरिसमधून पळाला आणि वारेनला पकडला गेला.

वर्षभराने, जून १७९२ मध्ये, दोन खगोलशास्त्रज्ञ निघाले. दलांब्र उत्तरेकडे, मेशँ दक्षिणेकडे. काम काय, तर चर्चच्या मनोऱ्यावर नाहीतर टेकडीवर चढायचं, दूरच्या मनोऱ्यांकडे दुर्बीण रोखायची, कोन मोजायचा, उतरायचं. हे करायला याहून वाईट काळ शोधून सापडला नसता. ऑगस्टमध्ये राजेशाही कोसळली आणि दलांब्रच्या खिशातली राजाच्या नावाची परवानगीपत्रं एका दिवसात रद्दी झाली, रद्दी कसली, गुन्ह्याचा पुरावा झाली. उंचावर चढून दुर्बिणीतून बघणारा माणूस हेर नाहीतर काय? सेंट-डेनिसला जमावाने त्याची उपकरणं रस्त्यात उघडायला लावली. संध्याकाळ होत आलेली, भोवती सैन्यात जायला निघालेले तरुण, आणि हा त्यांना पृथ्वीचा आकार समजावून सांगतोय. खुणेसाठी त्याच्या माणसांनी मनोऱ्यावर पांढरं कापड लावलं तर तो राजाचा रंग ठरला. मग त्याला कडेने लाल आणि निळ्या पट्ट्या शिवाव्या लागल्या. माझ्या मनात यातलं हेच चित्र बसलंय: पृथ्वीचं, कुणाचंही नसलेलं माप घ्यायला निघालेला माणूस वाऱ्यावर फडफडणाऱ्या चादरीला सुईदोऱ्याने पक्ष शिवतोय. १७९३ च्या अखेरीला, क्रांतीवरची निष्ठा कमी पडली म्हणून त्यालाच कामावरून काढलं. पाण्याचं वजन करून किलोचा पाया घालणारा लाव्होआझिए तर ८ मे १७९४ ला गिलोटिनवर गेला. तो राजाच्या कराचा मक्तेदार होता.

आणि मेशँ. माझा जीव खरा याच्यात अडकला.

मेशँ म्हणजे अतिकाटेकोर. एकच कोन शंभर वेळा मोजून समाधान न होणारा. बार्सिलोनाजवळच्या मोंजुईकच्या किल्ल्यावर त्याने ताऱ्यांवरून अक्षांश काढला. मग फ्रान्स-स्पेन युद्ध जुंपलं आणि तो तिथेच अडकला. मधल्या काळात एका पंपाच्या यंत्राच्या तडाख्याने मरता मरता वाचला. रिकामा वेळ होता म्हणून त्याने शहरातल्या, आपण उतरलो होतो त्या खाणावळीवरून पुन्हा अक्षांश काढला. दोन्ही आकडे जुळायला हवे होते. तीन सेकंदांचा फरक आला. घड्याळातले नव्हेत, कोनातले; जमिनीवर शंभर मीटरच्या आतबाहेर.

हे त्याने कुणाला सांगितलं नाही. वर्षामागून वर्षं. पॅरिसहून बोलावणं येई, तो टाळाटाळ करी. शेवटी १७९९ मध्ये देशोदेशीच्या विद्वानांसमोर त्याने आकडे मांडले ते सारखे करून, आणि सगळ्यांनी त्याच्या बारकाईची वाहवा केली. त्या आकड्यांवरून प्लॅटिनमचा मीटर घडला. मेशँ मात्र आतून पोखरत गेला. मोजणी आणखी दक्षिणेला न्यायची असं निमित्त काढून तो पुन्हा स्पेनला गेला आणि १८०४ मध्ये तिथेच तापाने वारला. त्याचे कागद दलांब्रच्या हाती आले. सुट्या चिठोऱ्या, खोडाखोड, बदललेले आकडे. दलांब्रने ते जाळले नाहीत, चव्हाट्यावरही मांडले नाहीत; आपल्या टिपणासह वेधशाळेत जपून ठेवून दिले. अशा वेळी काय करावं, याचं याहून सभ्य उदाहरण मला माहीत नाही.

पंचवीसेक वर्षांनी दुसऱ्यांनी तेच आकडे वेगळ्या पद्धतीने मांडून पाहिले, तर फरक जवळजवळ विरून गेला. मेशँच्या डोळ्यांचा दोष नव्हताच. मोजण्यात थोडी चूक राहतेच आणि तिचाही हिशेब करता येतो, हे शास्त्र त्याच्या हयातीत अजून नीट उभं राहिलं नव्हतं. तो बिचारा चुकीला पाप समजत होता. तसाही मीटर सुमारे ०.२ मिलिमीटर आखूडच निघाला, कारण पृथ्वीच मुळात विद्वानांनी धरली तेवढी साचेबंद नाही.

पुढचं थोडक्यात. लोकांनी मागितलं होतं प्रामाणिक माप, हाती पडले डेका, हेक्टो, किलो, मिरिया असे ग्रीक शब्द आणि दहाचे भाग. दिवसाचे दहा तास आणि तासाची शंभर मिनिटं करण्याचा उद्योग दीड वर्षाच्या आत गुंडाळावा लागला. दहा दिवसांचा आठवडा १८०२ मध्ये गेला. नऊ दिवस राबून दहाव्या दिवशी सुट्टी कुणाला आवडेल? नेपोलियनने १८१२ मध्ये दुकानदारीपुरती जुनी नावं परत आणली. मीटर सक्तीचा झाला तो १ जानेवारी १८४० पासून. म्हणजे गाऱ्हाण्यांच्या वह्या लिहिणाऱ्यांपैकी बहुतेक जण तोवर मातीखाली गेलेले. आजही पॅरिसच्या मंडईत बायका 'एक लिव्र' चेरी मागतात आणि विक्रेता अर्धा किलो तोलून देतो.

दहाच्या भागांना लोक इतके का कंटाळले असतील, हे आपल्या शाळेत पावकी-निमकी म्हटलेल्या पिढीला विचारावं. निम्मं करणं हाताला जमतं. दोन निळवी म्हणजे कोळवं, दोन कोळवी चिपटं, दोन चिपटी मापटं, दोन मापटी शेर. रास निम्मी कर, पुन्हा निम्मी कर. तराजू आणि डोळे पुरे. दहावा भाग मात्र कागदावर करावा लागतो, आणि कागद ज्याला वाचता येतो त्याचा असतो. जमीनदाराच्या मापातून सुटलेला फ्रेंच शेतकरी पॅरिसच्या मोजणी-खात्याच्या, करवसुलीच्या, सैन्यभरतीच्या वहीत अचूक जाऊन बसला, हेही त्याच मीटरने झालं. मला यात जुनं तेच बरं होतं असं मुळीच म्हणायचं नाही. ज्याच्या हातात शीग होती त्याच्या नातीने तसं म्हणणं फारच सोयीचं होईल.

आपल्याकडे १ एप्रिल १९५७ ला नवा पैसा आला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो. मापं-वजनं तपासणारा अधिकारी गावात यायचा आणि जुनी मापं जमा करा म्हणून दम देऊन जायचा, असं आई सांगते. आजोबांनी पायल्या दिल्या. हे दोन शेर मात्र माळ्यावर गेले. का, ते आईला माहीत नाही. निदान सांगत तरी नाही.

मध्यंतरी गावाकडच्या तुकड्याचा सातबारा काढला. त्यावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये लिहिलेलं असतं. हा 'आर' ७ एप्रिल १७९५ च्या पॅरिसच्या कायद्यात मीटर, लिटर, ग्रॅम यांच्याबरोबर बारशाला बसलेला. खुद्द फ्रान्समध्ये लोक हेक्टर बोलतात, सुटा आर फारसा नाही, आणि आपल्याकडे तो प्रत्येक शेतकऱ्याच्या कागदावर आहे. कागदावरच आहे म्हणा. शेजारी बांधावर उभा राहून 'तुमचे साडेतीन गुंठे आमच्याकडे निघतात' असंच म्हणाला. हा गुंठाही तेहतीस फुटी साखळीने मोजणाऱ्या इंग्रज आमदानीतला. आमच्या रानाच्या मूळ मापाचं नाव काय होतं, ते आता कुणालाच सांगता येत नाही.

यंदा मार्गशीर्षात भाच्याचं, तोच फोनवर हसलेला, लग्न झालं. सून घरात यायची वेळ झाली आणि उंबऱ्यावर ठेवायला माप कुठलं घ्यायचं, यावरून धावाधाव. वहिनीने दोन्ही शेर काढून आईपुढे ठेवले. मी मुद्दाम गप्प उभी राहिले. आईने दोन्ही हातात घेऊन काठावरून बोट फिरवलं आणि पोचा असलेला उचलला. "त्याची कड उचकटलीय," मोठ्या शेराकडे हनुवटीने खूण करत ती म्हणाली, "पोरीच्या पायाला लागेल."

तांदूळ तिनेच भरले, चांगले शिगेपर्यंत. नव्या सुनेने उजव्या अंगठ्याने हलकेच ढकललं, शेर खणखणत सोफ्याच्या पायाशी जाऊन थांबला, फोटो झाले, सगळे आत गेले.

रात्री आई खाली बसून मुठीमुठीने तांदूळ गोळा करून परत शेरात भरत होती. मीही बसले. शीग तर सोडाच, शेर काठापर्यंतही भरेना.

"सोफ्याखाली हात घालून बघ गं जरा," आई म्हणाली.